बँकॉकचा शेवटचा दिवस आणि ३८,५०० बाटचे नीलम

ग्रँड पॅलेसच्या बाहेर कुणीही ‘आज बंद आहे’ म्हणालं, तर त्याला उत्तरसुद्धा देऊ नका. सरळ गेटपर्यंत चालत जा. पॅलेसची तिकिटं सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन मिळतात आणि पॅलेस खरंच बंद असला तर ते गेटवर कळतं.

‘बंद आहे’ सांगून पर्यटकाला रत्नांच्या दुकानात नेण्याची ही लूट जुनी आहे, मीही तिच्याबद्दल वाचलं होतं. पण वाचलेले दलाल मागे लागणारे, हात धरून ओढणारे होते. था चांग या बोटींच्या धक्क्यावर उतरल्यावर मला भेटला तो पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने काहीही विकलं नाही. बौद्ध विधी चालू आहे, परदेशी लोकांना दुपारी एक वाजल्यानंतर सोडतील, तोवर ‘वाट इंथारावीहान’ या देवळातली ३२ मीटर उंच बुद्धमूर्ती पाहून या, म्हणाला. टुकटुकही (तिथली तीनचाकी रिक्षा) त्यानेच थांबवली. ४० बाटमध्ये जाऊन-येऊन! एवढ्या भाड्यात कुणी तासभर फिरवत नाही, हे लक्षात ठेवा.

देवळात दुसरा माणूस भेटला. बोलता बोलता म्हणाला, सरकारी रत्नविक्रीच्या करमाफीचा आज शेवटचा दिवस. दोन अनोळखी माणसं, मध्ये दोन-तीन किलोमीटरचं अंतर आणि त्यांची आपसात ओळख असल्याची एकही खूण नाही. अशा वेळी कुणाचाही विश्वास बसेल. ज्या देशात एका माणसानेही कधी वावगं वागवलं नाही, तिथे शेवटच्या दिवशी संशय घ्यायचा तरी कशाला?

टुकटुकने मी त्या विक्रीच्या दुकानाशी पोहोचलो. बाजूच्या दाराशी एका पोराने टुकटुकवाल्याच्या हातात शिक्का मारलेली चिठ्ठी दिली. पेट्रोलचं कूपन, गिऱ्हाईक आणल्याबद्दल. ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने ते घडी करून खिशात घातलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. तिथूनच मागे फिरायला हवं होतं, हे आता रोज रात्री आठवतं. पण तोवर काचेचं दार उघडून थंड पाण्याचा ग्लास पुढे आला होता.

नीलमाचे दोन खडे, ३८,५०० बाट. कार्ड दोनदा घासलं, २०,००० आणि १८,५००. नफ्यासाठी नाही घेतले. एक आईला, एक बहिणीला द्यायचा होता. पाकीट सीलबंद करून दिलं: विमानतळ सोडेपर्यंत उघडू नका, नाहीतर हमी जाईल. सील कशासाठी असतं ते समजून घ्या. त्या शहरातच तुम्ही खडे दुसऱ्याला दाखवू नयेत म्हणून.

मी संध्याकाळीच उघडलं. दुसऱ्या सराफाने भिंगातून पाहून सांगितलं, दोन्ही मिळून फार तर ३,००० बाट. दुकान गाठलं तर शटर खाली. पोलिसांकडे गेलो. पाऊण तास बसवलं, मग अर्ज इंग्रजीत लिहून घेतला, मग तोच थाईत हवा म्हणाले. शेवटी उत्तर काय? खडे खरे आहेत, प्रमाणपत्रात नैसर्गिक नीलम लिहिलंय, किंमत दोघांच्या संमतीने ठरली, म्हणजे फसवणूक नाहीच! परतावा हवा तर उद्या पावती घेऊन दुकानात या. रात्री विमान आहे, हे तीनदा सांगितलं. खांदे उडवले. हे दुकान, हा रस्ता, ही टुकटुक त्यांना ठाऊक नसेल? कार्डाच्या बँकेने तर दोन ओळींत हात झटकले: पिन तुम्हीच टाकलात.

थायलंडमध्ये सरकारी रत्नांचं दुकान नसतं. कुठलंही. करपरतावा म्हणजे ७ टक्के व्हॅटचा, तोही ठरावीक दुकानांतून घेतलेल्या मालावर, दुकानातच भरलेल्या फॉर्मवर. त्यासाठी ‘आज शेवटचा दिवस’ वगैरे काही नसतं. रत्नं घ्यायचीच असतील तर पैसे देण्याआधी तपासून घ्या. प्रमाणपत्रात किंमत लिहिलेली नसते.

पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. दुकानातून बाहेर पडल्या पडल्या, टुकटुकचा नंबर आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढून फोन करा. माझ्याकडे दोन्ही फोटो नव्हते, आणि त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.