लोकरीची बॅटिंग: भिंतीवरच्या गोधडीसाठी घ्यावी का?

घ्यावी. बॅटिंग म्हणजे गोधडीच्या वरच्या आणि खालच्या कापडामधे घालायचं भरण. पांघरायची गोधडी असेल तर सुती बॅटिंग पुरते, धुवायलाही सोपी. पण ऋतू, प्रवास किंवा घरातली एखादी उलथापालथ कापडात मांडून ती भिंतीवर लावायची असेल, तर मधल्या थराच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. वरच्या कापडाची एकेक छटा जुळवायला आपण दिवस घालवतो आणि मधलं भरण मात्र हाताला लागेल ते वापरतो. भिंतीवरच्या गोधडीत उंचसखलपणा येतो तो त्या भरणामुळेच.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगून दाखवल्या. ते प्रदर्शन गाजलं आणि गोधडीकडे कला म्हणून बघणारे वाढले. पुढे १९७९ पासून ओहायोमध्ये ‘क्विल्ट नॅशनल’ हे खास आर्ट क्विल्टचं, म्हणजे कलाकृती म्हणून केलेल्या गोधड्यांचं प्रदर्शन भरू लागलं. गोधडी अशी उभी टांगली की ऊब किती हा प्रश्नच उरत नाही. बाजूने पडणारा उजेड टाक्यांवर काय करतो ते महत्त्वाचं होतं, आणि लोकर नेमकी तिथे कामाला येते.

लोकरीची बॅटिंग पाकिटातून काढल्यावर चांगली फुगीर असते, साधारण अर्धा इंच. सुती त्या मानाने पातळ आणि जड. लोकरीच्या तंतूला मुळातच बारीक नागमोडी वळणं असतात, त्यामुळे ती दाबली तरी परत उठते. टीप मारली की टिपेखाली बसते आणि दोन टिपांच्या मधे फुगते. दुसरा फायदा घडीचा. सुती भरणाची गोधडी बरेच दिवस घडी घालून ठेवली की मधोमध रेघ पडते आणि ती सहजी जात नाही. लोकरीची उलगडून टांगली की घड्या बऱ्याचशा आपोआप निघतात. हाताने धावदोरा घालणाऱ्यांना तर ही फारच आवडेल, सुई अलगद आरपार जाते.

पानगळीच्या गोधडीत मी पानं दुमड न घालता, कच्च्या कडेची ठेवून चिकटवली होती. पानांच्या आत फक्त शिरांच्या टिपा मारल्या आणि मागची जमीन अगदी दाट टिपांनी भरून काढली. जमीन खाली बसली, पानं वर आली. गंजक्या रंगाचं एक पान कडेला थोडं उसवलंय, त्याचे धागे सुटलेत. ते मी तसंच ठेवलंय, गळायला आलेल्या पानाची कड तशीच असते. शिशिराच्या गोधडीला मात्र मी सुती बॅटिंग घातली. निष्पर्ण फांद्या आणि सपाट, फिका उजेड हवा होता. तिथे फुगवटा आला असता तर थंडीच निघून गेली असती.

प्रवासाच्या गोधडीत दोन्ही वापरल्या. आगगाडीच्या खिडकीतून दिसतं तसं दृश्य: आडव्या पट्ट्या, लांबचे डोंगर, मधे पाणी, अगदी जवळ शेत. लांबचं सपाट आणि जवळचं उठावदार हवं म्हणून फक्त शेताच्या भागामागे लोकर लावली. पाण्यात विरघळणाऱ्या दोऱ्याने कडेकडेने टीप मारली, बाहेरची जास्तीची लोकर टिपेला लागून कातरली आणि मग संपूर्ण गोधडीखाली सुती थर घातला. नेहमीच्या दोऱ्याने सगळ्या टिपा झाल्यावर कापड ओलं केलं की तो तात्पुरता दोरा नाहीसा होतो. वेळखाऊ काम आहे, पण डोंगर मागे सरकलेले खरंच दिसतात.

बाबा गेल्यावर आम्ही घर रिकामं केलं, त्याची गोधडी मला सगळ्यात जवळची. वरून पाहिलेला घराचा नकाशा आहे तो, एका फिक्या रंगाच्या कापडावर, नुसत्या टिपांचा. जिथे सतत वावर होता तिथे, म्हणजे दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि ओट्यासमोर, पाव इंचापेक्षाही जवळ टिपा घेतल्या. तो भाग पुठ्ठ्यासारखा कडक झालाय. कपाट, टेबल, पलंग होते त्या जागांना फक्त बाहेरून टीप मारली, आत काहीच नाही. त्या जागा फुगून वर आल्या. सामान निघालं, पण सामानाच्या जागा हाताला लागतात. धाकट्या बहिणीने न विचारता बोट ठेवलं ते थेट बाबांच्या पलंगावर. हेच मी सुती थरावर आधी छोट्या नमुन्यात करून पाहिलं होतं. तिथे नकाशा कळत होता, पण पलंग सापडत नव्हता.

आता अडचणी. लोकर सुतीपेक्षा महाग पडते. घरगुती मशीनच्या आतल्या जागेत फुगीर गुंडाळी कोंबताना खांदे भरून येतात. सरळ टिपांसाठी वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्या बरोबरीने पुढे नेणारा मशीनचा पाय, लावाच, नाहीतर वरचं कापड पुढे सरकून चुण्या पडतात. कापड पुढे ओढणारे मशीनचे दात खाली करून, डार्निंग फूट (कापड हाताने हवं तसं फिरवू देणारा पाय) लावून हवी तशी टीप मारायची असेल तर ९०/१४ ची सुई घ्या. दाट आणि विरळ टिपा शेजारी आल्या की कडा लाटांसारख्या होतात. त्याला उपाय म्हणजे गोधडीवर पाणी फवारून, सपाट फळीवर टाचण्यांनी ताणून पूर्ण वाळू द्यायची आणि नंतरच कडा काटकोनात कापायच्या. त्यासाठी बॅटिंग चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोठी ठेवावी. आणि कसर! लोकर ठेवलेली पेटी अधूनमधून उघडून बघायलाच हवी.

पॉलिएस्टरही फुगते, स्वस्तही असते, पण गरम इस्त्रीखाली आकसते आणि तिचे तंतू गडद कापडातून बाहेर डोकावतात. ऐंशी टक्के सुती आणि वीस टक्के पॉलिएस्टरची मिश्र बॅटिंग सरावाला ठीक.

पहिल्यांदा घेत असाल तर मोठं पाकीट नको. हातभर तुकड्यावर एकच आकार घ्या, आत टिपा नकोत, बाहेर दाट. तो भिंतीवर लावून संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बघा. वरचं कापड काळं किंवा गर्द निळं असेल तर बॅटिंगही काळी मिळते का ते बघा. पांढरी लोकरही थोडीफार बाहेर येतेच, आणि रात्रीच्या आकाशावर ती लगेच दिसते.