आउटर रिंग रोडजवळचे घरकुल : घेताना स्वस्त, राहताना महाग

प्रधानमंत्री आवास योजनेतून नागपूरच्या हद्दीलगत, आउटर रिंग रोडजवळ उभ्या राहिलेल्या एका संकुलात माझ्या धाकट्या भावाला सोडतीत सदनिका मिळाली. त्याचे कुटुंब तिथे राहायला गेल्यापासून मी वरचेवर मुक्कामाला असतो, त्यामुळे तिथला उन्हाळाही पाहिला आहे आणि पावसाळाही. बांधणाऱ्या संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक दोष जागेच्या निवडीतून आणि आराखड्यातून आलेले आहेत आणि अशा इतर संकुलांतही ते आढळू शकतात.

खरेदीच्या व्यवहाराबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान मिळाले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा त्या वेळी तीन लाख रुपये होती. दस्त भावजयीचे नाव घालून संयुक्त नावाने झाला आणि मुद्रांक शुल्क सवलतीमुळे फक्त 1000 रुपये लागले. उरलेली रक्कम त्याच आकाराच्या खासगी सदनिकेपेक्षा बरीच कमी होती. जीएसटीच्या नियमात नागपूरसारख्या शहरात 90 चौरस मीटरपर्यंतचे आणि 45 लाखांपर्यंतचे घरही ‘परवडणारे’ ठरते व त्यावर एक टक्काच कर लागतो. तीन लाखांत वर्ष काढणाऱ्या माणसाला 45 लाखांचे घर कसे परवडेल, हे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. खरी अडचण कर्जाची होती. भाऊ इतवारीत एका ठोक धान्याच्या दुकानात कामाला आहे, पगार रोखीने मिळतो आणि पगारपत्रक मिळत नाही. त्यामुळे बँकेने नकार दिला आणि चढ्या व्याजाच्या गृहवित्त कंपनीकडे जावे लागले. अनुदानाने जो भार कमी झाला, त्यातला काही भाग अशा रीतीने व्याजातून परत आला.

घर तीस चौरस मीटर चटई क्षेत्राचे, म्हणजे साधारण 323 चौरस फुटांचे आहे. एवढ्या जागेत खोली, शयनकक्ष, स्वयंपाकाचा ओटा, स्वतंत्र संडास आणि न्हाणीघर नीट बसवले आहे, फरशी आणि नळजोडण्या चांगल्या आहेत, दारे मात्र हलकी आहेत. पण ज्याने हा आराखडा केला त्याने मे महिन्यातली नागपूरची दुपार विचारात घेतली असावी असे वाटत नाही. या शहरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते आणि 45 अंशांच्या आसपासचे दिवस इथे दरवर्षी येतात. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पातळ भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता आत सोडतात. या भिंतीच इमारतीचा भार पेलतात, म्हणून कूलरसाठी नंतर झरोका पाडता येत नाही. खिडकीबाहेर कूलरचा स्टँड ठेवायला आधार नाही, पाण्याचा नळ नाही, सांडणाऱ्या पाण्याला वाट नाही. परिणामी कूलर खोलीतच ठेवावा लागतो, दमट हवा कोंडते आणि वाळ्याच्या ताट्यांचा उपयोग अर्ध्यावर येतो. गच्चीखालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आपापल्या खर्चाने गच्चीवर पांढरा परावर्तक लेप लावून घेतला आणि त्यांना फरक जाणवला. हा लेप, खिडक्यांवर खोल छज्जे आणि कूलरसाठी राखलेली चौकट एवढे आराखड्यातच धरले असते, तर एकूण खर्चात त्याचा बोजा किरकोळ पडला असता.

याहून मोठा प्रश्न अंतराचा आहे. जुन्या भाड्याच्या खोलीतून भाऊ पायी कामावर जात असे. आता सकाळी शेअर ऑटो, मग महापालिकेची ‘आपली बस’ आणि पुढे थोडे चालणे असा क्रम आहे. मेट्रोचे शेवटचे स्थानकही संकुलापासून पायी जाण्याजोगे नाही. दुकान रात्री उशिरा बंद होते तेव्हा बस मिळत नाही आणि पूर्ण ऑटोचे भाडे द्यावे लागते. भावजय धरमपेठेत तीन घरी स्वयंपाक करत असे. त्यातली दोन घरे तिला सोडावी लागली. बुडालेले हे उत्पन्न आणि वाढलेला प्रवासखर्च कर्जाच्या हप्त्यात मिळवला, तर जुन्या भाड्यापेक्षा महिन्याचा आकडा बराच वर जातो. संकुलातल्या काही कुटुंबांनी घर कुलूपबंद ठेवून पुन्हा शहरात खोली घेतली आहे आणि त्यांना दोष देता येत नाही.

लिफ्ट, पंप आणि टँकर यांचा देखभालखर्चही दरमहा आहेच; ताबा घेण्यापूर्वी तो कोणी स्पष्टपणे सांगितला नाही. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल आली तेव्हा तोंडी तक्रारींचा उपयोग झाला नाही. ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामातील दोष 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातील तरतूद उद्धृत करून लेखी अर्ज दिला, तेव्हा मात्र माणसे आली आणि काम नीट करून गेली.

शहराच्या आत स्वस्त घरे होऊच शकत नाहीत असे मानण्याचे कारण नाही. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात वीस टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आहे, आणि मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंत वाढीव एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानाने जास्त बांधकामाची परवानगी, मिळते. या दोन तरतुदी एकत्र आणून मेट्रोलगतच्या वाढीव बांधकामातला ठरावीक भाग लहान सदनिकांसाठी, विशेषतः भाड्याच्या घरांसाठी राखला, तर इतवारीचा कामगार इतवारीजवळच राहू शकेल. स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठीही याच योजनेत अनुदान आहे, पण ते मालकीच्या कागदांवर अडते. नागपुरात ‘572’ आणि ‘1900’ लेआउट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत वसाहतींमध्ये वर्षानुवर्षे आरएलची, म्हणजे नियमितीकरण पत्राची, वाट पाहणारे भूखंडधारक आणि जमिनीचे पट्टे न मिळालेले झोपडपट्टीवासी यांचे कागद मार्गी लावले, तर नवी जमीन न घेता हजारो घरे पक्की होतील. माझ्या मते हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

या संकुलाला मी पाचपैकी तीन गुण देईन. दस्तऐवज आणि बांधणीसाठी ते चार असते, जागेसाठी दोनच. ज्यांचे काम मिहान, हिंगणा किंवा बुटीबोरी या शहराबाहेरच्या औद्योगिक भागांकडे आहे आणि घराजवळून थेट वाहन मिळते, त्यांनी अशा संकुलात अर्ज जरूर करावा. इतवारी, महाल किंवा बर्डीत रात्री उशिरापर्यंत काम असणाऱ्यांनी पहिला हप्ता भरण्यापूर्वी कामाच्या वेळेला एकदा तो प्रवास करून पाहावा, आणि देखभालखर्चाचा आकडा लेखी मागून घ्यावा.