कॉन्फिग फाइल सोर्स करावी की ओळीओळीने वाचावी?

शेल स्क्रिप्टला (टर्मिनलच्या कमांडची फाइल) कॉन्फिगमधली, म्हणजे 'नाव=मूल्य' अशा ओळींच्या सेटिंग्ज फाइलमधली, मूल्यं द्यायची म्हटलं की हात आधी सोर्स या कमांडकडे जातो. एक ओळ लिहिली की सगळी व्हेरिएबल्स हजर. अवतरणचिन्हं, कॉमेंट वगैरे शेलच बघून घेतं. लिनक्सवरची ओएस-रिलीज फाइल (सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती सांगणारी) तर अशी सोर्स करता यावी म्हणूनच त्या धाटणीत असते. (स्क्रिप्ट बॅशऐवजी एसएच या शेलने चालणार असेल तर 'सोर्स'च्या जागी नुसता टिंब वापरा. उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश नावाचं छोटं शेल, आणि डॅशला 'सोर्स' माहीतच नाही.)

गोम अशी की सोर्स फाइल वाचत नाही, चालवतं. कुणी 'पोर्ट = ८०८०' असं जागा सोडून लिहिलं की शेल 'पोर्ट' नावाची कमांड शोधत बसतं. ते निदान बोंब तरी मारतं. त्याच फाइलमध्ये आरएम (फाइल पुसणारी कमांड) असेल तर ते मुकाट्याने चालेल, आणि स्क्रिप्ट रूटची (सर्वाधिकारी वापरकर्त्याची) असेल तर रूटच्या अधिकाराने.

एकच मूल्य हवं असेल तर ग्रेप (हवी ती ओळ शोधतं) आणि कट (बरोबरच्या चिन्हापाशी ओळीचे भाग करतं) पुरतात. पण माझी बॅकअपची स्क्रिप्ट एकदा लॉगिनलाच अडली. पासवर्ड हाताने टाकला की चालायचा, स्क्रिप्टमधून नाही. पासवर्डच्या मधोमध बरोबरचं चिन्ह होतं आणि मी कटकडे फक्त २ रा भाग मागितला होता. '२ पासून शेवटपर्यंत' मागितल्यावर काम झालं.

व्हाइल लूपमध्ये रीडने एकेक ओळ वाचणं हा लांबचा पण सुरक्षित रस्ता, कारण यात फाइलमधलं काहीच चालत नाही. बरोबरचं चिन्ह आयएफएसला (रीड ज्या चिन्हावर ओळ तोडतं ते सांगणारं व्हेरिएबल) देऊ नका: मूल्याच्या शेवटी ते एकदाच असेल तर बॅश ते गिळून टाकतं, आणि बेस६४ (डेटा अक्षरांत लिहायची पद्धत) मजकूर बऱ्याचदा तसाच संपतो. मी आख्खी ओळ घेतो आणि पहिल्या बरोबरच्या चिन्हापाशी तोडतो. फाइल पाइपने (दुसऱ्या कमांडच्या आउटपुटमधून) दिली तर बॅशमध्ये लूप सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या उपप्रक्रियेत, चालतो आणि बाहेर आल्यावर व्हेरिएबल्स रिकामी दिसतात. म्हणून पाइपऐवजी फाइल थेट लूपला रीडायरेक्ट करा. फाइल विंडोजवरून आली असेल तर प्रत्येक मूल्याच्या शेपटाला कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह) चिकटलेला असतो. तो आधी काढा.

फाइल फक्त मीच बदलणार असेन तर मी बिनधास्त सोर्स करतो. दुसऱ्या कुणाचा हात लागणार असेल तर व्हाइल, आणि केस या तपासणीत मला ठाऊक असलेलीच नावं स्वीकारतो. फाइल जेसन स्वरूपात असेल तर सरळ जेक्यू (जेसन वाचणारं टूल).