वियर्ड सायन्स आणि वियर्ड फँटसी: रीप्रिंट घ्यावेत का?

ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाच्या विज्ञानकथांच्या या दोन्ही कॉमिक्स मालिका 1950 ला सुरू झाल्या आणि रीप्रिंटमध्ये वाचताना आजही जाम भारी वाटतात. प्रत्येक अंकात साधारण चार छोट्या गोष्टी, बहुतेक अल फेल्डस्टीनने लिहिलेल्या, आणि शेवटी झटका. सलग वाचू नका हां, झटक्यांची सवय होते आणि मजा जाते, रोज एक-दोन बस. मजकूर खूप आहे, चित्रात दिसतंय तेच वरच्या चौकटीत परत सांगतात, तेवढं मात्र कंटाळवाणं होतं.

पण वॉली वुडची चित्रं बघा राव! यानातली ती यंत्रं, डायल, केबल, सावल्या, एकेका पॅनलवर किती वेळ जातो कळतच नाही. त्यासाठी ब्लॅक अँड व्हाइट आवृत्ती बेस्ट, शाईची रेघ न रेघ दिसते. नव्याने डिजिटल रंग भरलेल्या आवृत्तीत चकचकीत शेडिंगखाली ती रेघ दबते, मला तरी नाही आवडलं.

फक्त ‘जजमेंट डे’ रंगीतच वाचा, कारण त्यात नारिंगी आणि निळ्या रोबोंमधला भेदभाव हाच विषय आहे. 1953 ची गोष्ट, चित्रं जो ऑर्लँडोची, शेवटच्या पॅनलमध्ये अंतराळवीर हेल्मेट काढतो आणि तो कृष्णवर्णीय असतो. 1956 ला ती परत छापताना कॉमिक्स कोडवाल्यांनी (म्हणजे छापण्याआधी कॉमिक्स तपासणाऱ्या संस्थेने) यालाच हरकत घेतली, पण प्रकाशक बिल गेन्स हटला नाही, आहे तशीच छापली. या एका गोष्टीसाठी पण घ्या.