शिवण की सागवान? पहिल्या कोरीवकामाला काय घ्यायचं

मुंबईत लाकूड म्हटलं की सगळे सागवानच सुचवतात, कारण घराघरातलं जुनं फर्निचर त्याचंच, आणि कारपेंटरकडे छाटण चहापाण्यात मिळतं. पण शिकायला माझं मत शिवणीला, म्हणजे शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाला.

सागवान टिकतं, वाळवीला दाद देत नाही, पॉलिश केल्यावर दिसतंही भारी. पण त्यात सिलिका असते, ती धार खाते. शिवाय त्याच्या वर्षाच्या वाढीच्या कड्यात एक पट्टा छिद्रांनी पोकळ आणि पुढचा टणक, म्हणजे पटाशी आधी सर्रकन जाते मग अडते, नवीन माणूस जोर लावतो आणि गणपतीची सोंड गेलीच! शिवण हलकी, फिकट पिवळसर, वाळली की फारशी वाकत नाही, आणि धारदार सुरीने चीज कापल्यासारखी पातळ साल निघते. बारीक नक्षीला मात्र कड चुरते कधीकधी.

शिवण मुंबईत रे रोडच्या लाकडाच्या वखारींत विचारून बघा, मिळेलच असं नाही, कोकणात कुणी असेल तर सरळ तिकडूनच मागवा.

हत्यारांचं थोडक्यात: बारा पीसचा स्वस्त सेट नको, नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारातून एक छोटी सुरी, एक गोल पटाशी, आणि जुन्या चामडी बेल्टचा तुकडा फळीवर चिकटवून त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासायची, दर दहापंधरा मिनिटांनी धार त्यावर मागे ओढायची. सागवानावर हे दुप्पट वेळा करावं लागतं, आणि सुरीसमोर अंगठा ठेवू नका प्लीज.