क्लिपचा दिवा: रात्री लिहिणारीचा तीन महिन्यांचा अनुभव

आमचं वन रूम किचन. ह्यांची फर्स्ट शिफ्ट, साडेचारला उठतात, म्हणजे दहाला घरात निजानीज. माझं लिहिणं त्यानंतर, स्वयंपाकघरात फोल्डिंगचं टेबल उघडून. ट्यूब लावली की उजेड थेट ह्यांच्या तोंडावर. म्हणून हा चार्जिंगचा दिवा घेतला, ८९९ रुपयांना.

क्लिप दणकट आहे. स्टीलच्या मांडणीला, ताटांच्या कप्प्याशी अडकवते. मान खाली वाकवली की उजेड वहीपुरताच पडतो, पलीकडची भांडी दिसेनाशी होतात. दिवसा त्या ओट्याकडे बघितलं की मला नुसती राहिलेली कामं दिसतात. दिवाळी अंकाची कथा दीड महिना अडली होती, ती इथे आठ रात्रींत उतरली. सगळं श्रेय दिव्याला देत नाही, थोडं देते.

उजेडाचे तीन प्रकार: ६५००, ४००० आणि २७०० केल्विन. आकडा उतरेल तसा उजेड पिवळा होतो. २७०० म्हणजे आपला जुना साधा बल्ब. पांढऱ्यात निळा अंश जास्त, त्याने झोप लांबते, आणि मला सकाळी डबे चुकत नाहीत. तेव्हा पिवळाच. फक्त ह्या उजेडात पिवळ्या हायलायटरच्या खुणा दिसत नाहीत हो! एका रात्री अर्धा तास शोधत बसले, पेन सुकलं असं समजून. आता गुलाबी आणलाय.

फार मंद करू नका. मंद दिव्यावर मोबाइलचा कॅमेरा धरला तर पट्टे सरकताना दिसतात, म्हणजे तो भराभर उघडझाप करत असतो. माझं डोकं तासाभरात जड होतं.

खरा राग वेगळाच. दिवा आधीचं सेटिंग लक्षात ठेवत नाही. दर वेळी पांढराफटक, पूर्ण जोरात. रात्री दोनला जाग येते, अडलेलं वाक्य सुचलेलं असतं, चाचपडत बटण दाबावं तर डोळ्यांवर भक्कन उजेड. दोनदा टक् टक् करून पिवळ्यावर येईस्तोवर वाक्य पसार. शिवाय ‘काय गं, झोपली नाहीस अजून?’

हल्ली दिवा लावतच नाही तेव्हा. दुधाच्या हिशेबाची वही उशाशी असते, अंधारातच खरडते. परवा नायिकेचा निरोप बुधवारच्या दीड लिटरवर चढला होता, निम्मा वाचता आला.

पाचपैकी तीन. बटण सुधारलं तर चार.