घंटी बंद पडलेलं ऑफिसचं जुनं इंटरकॉम आणि खडेबाजारातले मेकॅनिक

बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे, ऑफिसात आठ एक्स्टेन्शनचं जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरची लाइन आतल्या फोनांना जोडून देणारा बॉक्स. जुलैच्या पावसात एका सकाळी सगळ्या फोनच्या घंट्या गप्प. उचलला की डायल टोन आहे, बोलणं स्वच्छ, फक्त वाजत नाही. समोरच्याच्या कानात मात्र रिंग जात राहते, कारण ती टेलिफोन एक्स्चेंजमधून येते, आपली घंटी वाजो न वाजो. खानापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं शेवटी मोबाईलवर सुनावलं, "सकाळपास्नं फोन लावूलालोय, उचलत का नाही?" मला खरंच वाईट वाटलं, वीस वर्षांचं गिऱ्हाईक ते.

आधी एका कंपनीचा माणूस आला, बॉक्स न उघडताच म्हणाला सगळी सिस्टीम बदला, आणि कोटेशन ठेवून गेला. मग खडेबाजारातल्या ह्या मेकॅनिक मामांना बोलावलं. त्यांनी बाहेरची लाइन काढून थेट एका फोनला लावली, घंटी खणखणीत, म्हणजे लाइन आणि फोन दोन्ही ठीक. मग तोच फोन बॉक्सच्या पोर्टलाच छोट्या वायरनं जोडला, तिथंही गप्प, म्हणजे भिंतीतल्या वायरिंगचा दोष नाही. मग मला दुसऱ्या एक्स्टेन्शनवरून रिंग द्यायला लावून मीटर एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या मापावर) ठेवला, ७५ व्होल्टच्या आसपास पाहिजे तिथं जेमतेम १८. बोलायला डीसी (एकाच दिशेची वीज) लागतं, घंटीला वेगळं एसी लागतं, साधारण २५ हर्ट्झचं, ते तयार करणारा भाग दमलाय म्हणाले. पॉवर सप्लाय उघडला तर दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) वरून फुगलेले, मला दाखवले, बदलले, आणि मीटरवर ७२ आलं! (रिंग चालू असताना उघड्या वायरला हात लावू नका, चांगलाच झटका बसतो.)

स्टोअरचा फोन तरी वाजेना, तर त्याच्या पोटाखालचं रिंगरचं बटण ऑफ होतं, बस.

सगळे मिळून ६५० रुपये घेतले. तक्रार एकच, आज येतो म्हणून दुसऱ्या दिवशी आले आणि बिल मागितल्यावर चिठ्ठीवर लिहून दिलं, जीएसटीवाल्यांनी आधी विचारून घ्या. पण कुठं काय तपासलं ते प्रत्येक वेळी समजावून सांगितलं, असा माणूस हल्ली मिळत नाही. दुकानात जाऊन "आवाज आहे, घंटी नाही" एवढंच सांगा, मीटर आणि एक चालू फोन घेऊनच निघतात.